नळापाशी अडकणारी डिस्क

सोमवार, २ फेब्रुवारी

स्पीच थेरपीच्या मॅडमनी सांगितलंय, पेशंट रोज काय बोलल्या ते वहीत लिहून ठेवा. ही काहीच बोलत नाही. मग काय, रोज 'आज शांतता' असं लिहू? त्यापेक्षा मी डिस्कचं लिहितो. वही माझ्या बुकिंगची जुनी आहे. प्रत्येक पानावर 'वधूचे नाव', 'वराचे नाव', 'शूटिंग किती वाजता' असे रकाने छापलेत. त्यांच्याकडे दुर्लक्ष करायचं.

हकिकत अशी. नोव्हेंबरात हिला अर्धांगवायूचा झटका आला. पाय बराच परतलाय, उजवा हात थोडा, वाचा मात्र गेली ती गेलीच. समजतं सगळं. लग्न झाल्यापासून या घरात रेडिओ लावायची गरज पडली नव्हती. आता भिंतीवरचं घड्याळ ऐकू येतं. ते एवढा आवाज करतं हे मला ठाऊक नव्हतं.

आज मॅडम म्हणाल्या, "काका, सव्वीस तारखेला आमची मीटिंग आहे. तोपर्यंत काकूंचा एक तरी शब्द स्वतःहून आला, तर सेशन्स पुढे चालू ठेवता येतील. नाहीतर त्यांची वेळ दुसऱ्या पेशंटला द्यावी लागेल. नियम आहे, माझ्या हातात नाही."

मग म्हणाल्या, "त्यांचे जुने व्हिडिओ असतीलच ना? त्या बोलतायत असे? तुम्ही तर व्हिडिओवाले. रोज दाखवा. स्वतःचा आवाज ऐकून कधीकधी गाडी सुरू होते."

मी म्हटलं, ढिगाने आहेत.

घरी येऊन कपाट उपसलं. सव्वीस वर्षं लग्नं शूट केली. अनोळखी आत्या, मावश्या, काका, रुसलेले जावई, सगळे आहेत. हिचं बोलणं असलेली एकच कॅसेट निघाली. तिच्यावर माझ्या अक्षरात 'टेस्ट' असं लिहिलंय. नवा कॅमेरा घेतला त्या दिवशी फोकस नीट बसतो का बघायला स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो होतो. अकरा मिनिटं. ही भांडी घासतेय आणि बोलतेय. मध्येच नळ सोडते, माझ्याकडे वळते आणि म्हणते, "अहो, ठेवा तो कॅमेरा. जरा इकडे बघा."

कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. उतरवून झाली आणि कॅमेऱ्याने फीत चावून टाकली. म्हणजे आता कॉम्प्युटरवर आहे तेवढीच. कॉम्प्युटरवर झकास चालते. पण कॉम्प्युटर आतल्या खोलीत उंच टेबलावर, तिथे ही नीट बसू शकत नाही. टीव्ही आणि डीव्हीडी प्लेअर बाहेरच्या खोलीत, हिच्या खुर्चीसमोर. डिस्क राईट केली. प्लेअरमध्ये टाकली. दर दहा-पंधरा सेकंदांनी अडकते.

माझी डिस्क. अडकते.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

चित्र थांबतं, चौकोन चौकोन होतात, आवाज तुटतो, मग उडी मारून पुढे जातं. हिचं तोंड उघडं राहतं आणि पुढच्या क्षणी ती दुसरंच भांडं धरून उभी असते. प्लेअरची लेन्स पुसली. काही फरक नाही.

ही बघत होती. मी प्लेअरपाशी गुडघे टेकून होतो, त्यामुळे चेहरा दिसला नाही.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

सेंटरवर मॅडमनी एक खेळ घेतला. त्या अर्धं बोलतात आणि थांबतात, उरलेलं हिने बोलायचं. "दार उघ..." मॅडम थांबल्या. ही बघत राहिली. घड्याळाचे किती ठोके गेले कोण जाणे. मला राहवेना.

"डा," मी म्हटलं.

"काका, तुम्ही नाही. पाणी प्या..."

"यचं."

मला बाहेर बसवलं. जाताना म्हणाल्या, "रिकामी जागा त्यांना भरू द्या ना. तुम्ही घाई करता, म्हणून त्यांना गरजच पडत नाही." आता यांना काय सांगायचं? मी उभ्या जन्मात रिकाम्या जागा कापून फेकायचंच काम केलं. नवरदेव अडखळला, काप. सासरेबुवा शब्द शोधतायत, काप. त्यासाठीच लोक माझ्याकडे यायचे.

दुसरी डिस्क सोळाच्या स्पीडऐवजी चारच्या स्पीडने राईट केली. सावकाश लिहिलं की डिस्कवर लेसरचे खड्डे खोल पडतात. थोडं सुधारलं, पण अजून पाच-सहा ठिकाणी अडकते.

रविवार, ८ फेब्रुवारी

स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. मेहुणी आली होती. ही तिची थोरली बहीण, म्हणून ती दर मंगळवारी आणि रविवारी येते, हिचे केस विंचरते आणि माझी अक्कल काढते. तिने डिस्क हातात घेतली आणि म्हणाली, "दाजी, हे वर चिकटवलंय काय? गुलाब?"

सवय. प्रत्येक डिस्कवर मी गुलाबाचं कागदी लेबल चिकटवतो. मधोमध नावं लिहायला जागा. एका बाजूला केसभर सरकलं की डिस्क फिरताना डुगडुगते. सव्वीस वर्षांच्या धंद्यात हे मला कळू नये! बायकोच्या आजारपणाच्या डिस्कवर गुलाब लावून बसलो होतो.

तिसरी डिस्क लेबलाशिवाय. आता फक्त एकाच ठिकाणी अडकते. ही नळ सोडते, पाण्याची धार सुरू होते, ती वळते, "अ" म्हणते, आणि सगळं ठप्प. चार-पाच सेकंद. मग एकदम "...ठेवा तो कॅमेरा."

मी प्लेअरपाशी वाकलो होतो, आणि मागून आवाज आला, "हो."

ही बोलली! मी विचारणारच होतो की नीट दिसतंय का, त्याच्या आधीच म्हणाली, हो. मेहुणी रडायला लागली. मी पण.

सोमवार, ९ फेब्रुवारी

सेंटरवर एक अक्षर नाही. मॅडमनी चमचा दाखवला, पेन दाखवलं, हो-नाहीचे प्रश्न विचारले. मख्ख. माझ्याकडे मॅडमनी अशा नजरेने बघितलं की जसं काही मीच बनवून सांगतोय.

"बरं," त्या म्हणाल्या, "कधी बोलतात, कशानंतर बोलतात, ते नीट टिपून ठेवा."

ठेवतो. मी काही अडाणी नाही.

मंगळवार, १० फेब्रुवारी

डिस्क चौथी, दुसऱ्या कंपनीची. नळ, अडकली, हो.
डिस्क पाचवी, दोनच्या स्पीडने. नळ, अडकली, हो.
तीच परत. नळ, अडकली, हो.
डिस्क सहावी, कॉम्प्युटरवरचं बाकी सगळं बंद करून. नळ, अडकली. हो.

बिचारी माझं मन राखते. एवढी धडपड करतोय बघून म्हणत असेल, चालतंय हो, ठीक आहे, नका त्रास करून घेऊ. पण ठीक नाहीये ना! तिचा आवाज ऐन मोक्याला तुटतो. जो शब्द ती मला म्हणायची, दिवसातून शंभरदा म्हणायची, तोच डिस्कवर अर्धा आहे. अर्धवट शब्द ऐकवून कोणाची वाचा परत येते का?

निकामी डिस्का मेहुणीने दोऱ्यात ओवून गॅलरीत टांगल्या. म्हणाली, कबुतरं तरी पळतील. माझी कला शेवटी या कामाला आली.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

काल सेंटरवर पुन्हा शून्य. आज जे झालं ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो.

सातवी डिस्क लावली. अडकली. मी विचारलं, "अडकली ना?" ही म्हणाली, "हो." बरोबर. जरा आशा वाटली. मागे घेऊन परत लावली. अडकली. मी मुद्दाम उलटं विचारलं, "नीट चालली ना?" ही म्हणाली, "हो."

म्हणजे काहीच अर्थ नाही त्या 'हो'ला. नुसता आवाज. माझं टाळकं सरकलं. मी ओरडलो, "फुटकी डिस्क बघून हो काय म्हणतेस? कळतं का तुला काही?"

ती माझ्याकडे बघत राहिली. डाव्या हाताने टीव्हीकडे बोट केलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा टीव्हीकडे. मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिला ते एका हाताने नीट पुसताही येईना. मी पुसलं. मी तिला म्हटलं, हो गं, करतो दुरुस्त, तेच सांगतेयस ना, करतो.

तिने मान फिरवली.

आता तेरा दिवस उरलेत.

शनिवार, १४ फेब्रुवारी

खुडबुड्याकडे गेलो. टीव्ही, टेप, प्लेअर, काहीही दुरुस्त करतो. अर्ध्या वयाचा आहे, मला 'मास्तर' म्हणतो, आणि मला त्याचा राग येतो. त्याने डिस्क तपासली आणि हसला.

"मास्तर, क्वालिटी किती ठेवलीत?"

"सगळ्यात वरची. मी खालचा माल देत नाही."

"आणि आवाज?"

"कच्चा. न दाबलेला. तोच तर महत्त्वाचा आहे."

"इथेच गोची आहे. तुमचा प्लेअर म्हातारा झालाय. साधं भांडं, भिंत, एवढं तो वाचतो. पण पाण्याची धार आली की चित्रातला प्रत्येक ठिपका हलायला लागतो. एवढं सगळं एका दमात वाचायला त्याला झेपत नाही. तो थांबतो, दम खातो, मग पुढे जातो. क्वालिटी मध्यम ठेवा, आवाज दाबून टाका. पळेल."

मध्यम! मी त्याला म्हटलं, माझ्या बायकोचा आवाज आहे तो, दाबू कसला? तो म्हणाला, "मास्तर, त्यांना ऐकू यायला हवाय की तुम्हाला क्वालिटी हवीय?"

डिस्क उचलून घरी आलो.

सोमवार, १६ फेब्रुवारी

दोन दिवस अहंकार कुरवाळला, मग केली मध्यम. डिस्क आठवी. कशी चालली म्हणून सांगू! लोण्यातून सुरी जावी तशी. नळ सुटला, धार लागली, ही वळली, "अहो, ठेवा तो कॅमेरा. जरा इकडे बघा." एकही झटका नाही. अकराच्या अकरा मिनिटं. मी टाळ्या वाजवल्या, खरंच वाजवल्या, एकट्यानेच.

मागे वळून बघितलं. ही गप्प.

पहिल्याच वेळी कशाला अपेक्षा धरायची. परत लावली. परत लावली.

बुधवार, १८ फेब्रुवारी

काल सहा वेळा, आज नऊ वेळा. गप्प. 'हो' पण नाही. तो निरर्थक 'हो' ज्याच्यावर मी खेकसलो, तोसुद्धा गेला. तिला आता कंटाळा आलाय. नळाचा भाग आला की आधी ती पुढे सरकून बसायची. आता मागे टेकते.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

मॅडमनी सगळ्या चाचण्या पुन्हा घेतल्या. कागदावर एक आडवी रेघ मारली. मी विचारलं, रेघ म्हणजे? म्हणाल्या, "म्हणजे काही नाही, काका." त्या चांगल्या आहेत, म्हणून जास्त लागलं.

परत येताना रिक्षात मी हिच्याशी बोलत होतो. थोड्या वेळाने लक्षात आलं की हिच्या वाटचंही मीच बोलतोय. 'थंडी वाजतेय का? नाही ना? बरं.' असं.

रविवार, २२ फेब्रुवारी

मी हात टेकले. माझ्या आयुष्यातलं एकुलतं एक काम जे हिच्यासाठी केलं, ते तंतोतंत, बिनचूक झालं आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. लोकांच्या लग्नांच्या दोन कपाटभर कॅसेटी आणि हिची अकरा मिनिटं. तीही टेस्ट. हा विचार डोक्यातून जात नाही. आज जेवलो नाही.

मेहुणी म्हणाली, "दाजी, एक सांगू? चांगली डिस्क आल्यापासून ताई गप्प झालीय."

मी म्हटलं, "अजब आहे. म्हणजे खराब दाखवू?"

"मला काय कळतंय? मी आपलं जे बघितलं ते सांगितलं. तुम्ही बघत नव्हता."

"मग मी काय करत होतो? डोळे फाडून बघत होतो!"

"टीव्हीकडे," ती म्हणाली, आणि हिचे केस विंचरायला गेली.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

जसं घडलं तसं लिहितो.

मी आतल्या खोलीत होतो. दार लोटलेलं. आवाज अजून थोडा वाढवून शेवटची एक डिस्क करावी असं चाललं होतं. बाहेर मेहुणी टीव्ही लावत होती. भांड्यांचा आवाज आला, मग नळ, मग स्वच्छ, पूर्ण, "अहो."

मी मनात म्हटलं, वा, काय बसलीय डिस्क.

पण मग पुढचं वाक्यच येईना. 'ठेवा तो कॅमेरा' येईना. नुसती प्लेअरची घरघर. आणि तो 'अहो' मी मनात परत ऐकला. जोड लागला होता त्याला. सव्वीस वर्षं जोड लावलेत मी, कितीही बारीक असू दे, मला ऐकू येतो. 'अ' जुना होता, स्वयंपाकघरातला, नळापाशी घुमणारा. 'हो' जाडसर होता. दमलेला. या खोलीतला.

धावत बाहेर आलो. टीव्हीवर चित्र अडकलेलं, हिचं तोंड अर्धं उघडं, धार हवेत थांबलेली. मेहुणीने गॅलरीतली डिस्क सोडवून, पुसून लावली होती. आणि खुर्चीत ही. पुढे सरकून बसलेली, तोंड अजून 'हो'च्या आकारात.

मेहुणी म्हणाली, "बघा."

मी बघितलं. परत लावायला सांगितली आणि या खेपेला टीव्हीकडे पाठ करून उभा राहिलो. मागून "अ" आला, तुटला, आणि समोर हिच्या ओठांनी तो उचलला आणि पुरा केला. माझ्याकडे बघून.

'हो' नव्हतंच ते. कधीच नव्हतं. सात-आठ वेळा तिने मला हाक मारली होती, आणि मी गुडघ्यांवर बसून तारा ढिल्या आहेत का बघत होतो. शुक्रवारी मी ओरडलो तेव्हाही ती मला हाकच मारत होती.

मी खाली बसलो आणि मोठ्याने रडलो. ही डाव्या हाताने माझ्या डोक्यावर थापट्या मारत राहिली.

बुधवार, २५ फेब्रुवारी

मॅडमना फोन केला. म्हणाल्या, "डिस्क घेऊन या. आमच्याकडे प्लेअर आहे. सगळ्यांसमोर दाखवू." गॅलरीतली डिस्क मऊ फडक्यात गुंडाळून ठेवलीय. तिच्यावर कबुतराचा एक डाग होता, तो काढला.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

टेबलाच्या पलीकडे मॅडम, एक मोठे डॉक्टर आणि फाईल घेऊन बसलेल्या एक बाई. डिस्क लावली. मी टीव्हीकडे पाठ करून, हिच्याकडे तोंड करून बसलो. भांडी. नळ. आणि,

"अहो, ठेवा तो कॅमेरा. जरा इकडे बघा."

गुळगुळीत. एकदाही न अडकता. त्यांचा प्लेअर कोराकरकरीत होता, माझी सगळ्यात वरची क्वालिटी त्याने एका दमात वाचली. ज्या दर्जासाठी मी जीव टाकला, तो अखेर या इथे, या दिवशी, दिसला. ही गप्प. भरायला जागाच नव्हती.

"परत लावा," मी म्हटलं. परत तेच. मोठ्या डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. बाईंनी फाईल मिटली. मॅडम म्हणाल्या, "काका, आपण प्रयत्न केला..."

मी उठलो, प्लेअरमधून डिस्क काढली, खिशातून घराची किल्ली काढली. नळ डिस्कवर साधारण कुठे येतो याचा मला अंदाज होता, मधल्या भोकापासून बोटभर. तिथे चरे पाडायचे. अडकवायचीच तिला. डॉक्टर म्हणाले, अहो काय करताय, कोणीतरी माझा दंड धरला, मी सोडवून घेतला आणि किल्लीचं टोक टेकवलं.

"अहो."

टीव्ही बंद होता. मला वाटलं डॉक्टरच. मान वर केली, तर डॉक्टर माझ्याकडे बघत नव्हते.

हिने डावा हात वर केला होता. आख्खा शब्द. सुरुवातीचा 'अ' सुद्धा तिचाच. कपाळाला आठ्या, जशा मी काहीतरी मोडायला निघालो की पडायच्या. ओठ हलत होते, पुढचं काहीतरी येत होतं, येत नव्हतं. मला पुढचं पाठ होतं. जिभेच्या टोकावर होतं माझ्या. मी दात घट्ट दाबून धरले. किती वेळ गेला सांगता येणार नाही. एवढी मोठी रिकामी जागा मी आयुष्यात ठेवली नव्हती.

"ठे... ठेवा."

मी किल्ली टेबलावर ठेवली. डिस्कही ठेवली.

मोठ्या डॉक्टरांनी हळूच विचारलं, "कोणाला म्हणाल्या?"

"मला," मी म्हटलं.

बाईंनी फाईल परत उघडली. मॅडम नाक पुसत म्हणाल्या, सोमवारी दहा वाजता या, आणि वही आणा. म्हणून आज वही नीट भरतोय, रकान्यांसकट. काय बोलल्या: अहो, ठेवा. शूटिंग किती वाजता: अकरा चाळीस, कॅमेरा नव्हता.

'जरा इकडे बघा' हे काही ती म्हणाली नाही. मी बघतच होतो.